अंकासोबत बादली: वर्तमानपत्रांच्या जोडविक्रीचे नियम आणि वाचक

(जुने शहर, अकोला येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आत येण्याआधी बाहेर चहा घेताना एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पेपरसोबत साबण द्यावा की देऊ नये, यावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या घरातल्या एका बादलीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वर्तमानपत्राने योजना काढली. नाव सांगत नाही, कारण त्या काळात कमीअधिक प्रमाणात सगळ्यांनीच अशा योजना काढल्या होत्या. रोज पहिल्या पानावर एक कूपन यायचे. ते कापायचे, दिलेल्या तक्त्यावर चिकटवायचे, तक्ता भरला की जवळच्या केंद्रावर नेऊन द्यायचा आणि वस्तू घ्यायची. इथे मोर्णेच्या या काठावर, आपल्या जुन्या शहरात, गल्लोगल्ली सकाळी आधी कात्री निघायची आणि मग चहा. मी उशिरा उठलो की माझ्या हाती येणाऱ्या पेपरला पहिल्याच पानावर खिडकी पडलेली असे. दुसऱ्या पानावरची बातमी मी कित्येक महिने मधल्या चार ओळी सोडून वाचली.

शेवटी बादली आली. चित्रात ती हंड्याएवढी दिसत होती, हातात आली तेव्हा तांब्याची थोरली बहीण वाटावी एवढीच होती. मी पेपर टाकणाऱ्या भाऊंना म्हटले, "अहो, यापेक्षा बातम्या तरी धड वाचू द्यायच्या होत्या." तो हसला नि म्हणाला, "सर, लोकायले बातमी नाई पायजे, बादली पायजे. स्कीम सरली का अर्धे घरं पेपर बंद करते. माह्या वहीत पाहा."

त्याचे हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कारण त्यात प्रश्न दडलेला आहे: मी त्या महिन्यांत नेमके काय विकत घेत होतो? बादलीसोबत पेपर, की पेपरसोबत बादली? पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न आपल्या देशात पोस्टाने विचारला आहे, संसदेने विचारला आहे, सर्वोच्च न्यायालयासमोर तो वेगळ्या रूपात आला आहे, ग्राहक कायद्याने विचारला आहे, आणि आता करखातेही विचारते. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. आज ती उत्तरे क्रमाने पाहू.

आधी एक जुनी जोडी हाताशी घेऊ, पुढे उपयोगी पडेल. आपल्या मीमांसकांनी कर्माचा विचार करताना 'अंग' आणि 'अंगी' असा भेद केला. जे मुख्य ते अंगी. जे दुसऱ्यासाठी आहे, दुसऱ्याला पूर्ण करण्यासाठी आहे, ते अंग. लग्न अंगी, पंगत अंग. पण एखादा माणूस लग्न कुणाचे आहे हे न विचारता थेट पंगतीला बसतो. त्याच्यापुरते हे नाते उलटते. लग्नघरच्यांनी काही चूक केलेली नसते, पंगतही तीच असते. हेतू बदलला, म्हणून अंग कोणते आणि अंगी कोणते हे बदलले. जोडविक्रीच्या सगळ्या नियमांची अडचण नेमकी इथे आहे. वस्तू डोळ्यांना दिसते, हेतू दिसत नाही.

आता पहिला नियम. १८६७ मध्ये रेल्वे मुंबईहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. त्याच वर्षी छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदाही झाला. त्या दशकात आपल्या अकोल्यात 'वऱ्हाड समाचार' निघाले. तेव्हा वर्तमानपत्र म्हणजे बहुधा साप्ताहिक, आणि गावोगावी पोचायचे तर टपालानेच. टपालखाते वर्तमानपत्राला पत्रापेक्षा कमी दर लावी. का? तर बातमी लोकांपर्यंत जावी ही गोष्ट सरकारलाही मान्य होती, निदान तत्त्वतः. पण सवलत आली की तिच्या पाठीवर बसून दुसरे काहीतरी प्रवास करू पाहते. हा जगाचा नियम आहे. एखाद्या व्यापाऱ्याला आपले दरपत्रक हजार घरांत पाठवायचे असेल तर तो काय करील? एखाद्या पेपरात ते घालून देईल आणि पेपराच्या दरात पाठवील.

म्हणून १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या नवव्या कलमात वर्तमानपत्र म्हणजे काय हे ठरवून दिले. राजकीय किंवा इतर बातम्या, त्यांवरचे लेख, चालू विषय हे सगळे किंवा बहुतांश असले पाहिजे. जाहिराती असल्या तरी चालतील, नसल्या तरी चालतील. अंक एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघता कामा नये. आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. मग पुरवणीचा प्रश्न. पुरवणी ही पेपराचाच भाग मानली जाईल, पण कधी? ती त्याच तारखेची असेल, पेपरासोबतच जात असेल, तिच्यातला मजकूर बहुतांशी पेपरासारखाच असेल, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पेपराचे नाव नि तारीख छापलेली असेल, तर.

किती साधी कसोटी आहे बघा. पेपराच्या आत जाहिरात असेल तर ती अंग, चालेल. पण बाहेरून सरकवलेला जाहिरातीचा कागद पेपराचे अंग नाही, तो स्वतःच अंगी आहे, त्याने स्वतःचे टपालशुल्क भरावे. पोस्टमास्तरला कुणाचा हेतू विचारायचा नव्हता. त्याने पानाचा माथा पाहिला की झाले. हा कायदा सव्वाशे वर्षे चालला, अगदी परवापर्यंत. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने तो बाजूला केला.

दुसरा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा, आणि तो कोड्यांचा. शब्दकोडी सोडवून बक्षीस मिळवायचे वेड तेव्हा देशभर होते. कोड्याची प्रवेशिका पेपरातच छापलेली असे. बक्षीस मोठे असले की माणूस एका कोड्यासाठी पेपर घेणार, हे उघड आहे. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघे. त्यातल्या कोड्यांच्या स्पर्धेमुळे त्याचा खप मुंबई राज्यातही मोठा होता. मुंबई राज्याने १९४८ मध्येच लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता. पुढे राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पेपरांतल्या स्पर्धाही त्या कक्षेत आणल्या. आपले वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते, म्हणून तो कायदा आपल्याकडे नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने मुंबई राज्याची बाजू उचलून धरली. ज्या स्पर्धेत यश कौशल्यावर नाही तर नशिबावर आहे ती जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा त्याचा आशय. दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून जास्त बक्षीस असलेल्या स्पर्धांना त्याने बंदी घातली.

इथे कसोटी बदलली. पोस्टाने विचारले होते: सोबतचा कागद बातमीचा आहे का? न्यायालयाने विचारले: सोबतची गोष्ट जुगार आहे का? दोघांनीही सोबतच्या वस्तूकडे पाहिले. पेपराकडे अजून कुणी पाहिले नव्हते.

ते पाहिले पहिल्या प्रेस कमिशनने. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. आयोगाची चिंता आपल्या ओळखीची आहे. मोठ्या भांडवलाचे पेपर जाहिरातींच्या पैशावर भरपूर पाने देतात आणि किंमत कमी ठेवतात. चार पानांचा छोटा पेपर त्याच किमतीला विकायला बसतो, मग गिऱ्हाईक जाड पेपर उचलते. म्हणजे जास्तीची पाने ही एक प्रकारची भेटवस्तूच झाली. बादली तीच, फक्त कागदाची. आयोगाने सुचवले की किंमत आणि पाने यांची सांगड घाला: इतक्या किमतीला इतकीच पाने. त्यावरून १९५६ चा किंमत-आणि-पाने कायदा झाला. हेतू कायद्यातच लिहिलेला होता: पेपरांमधली अनुचित स्पर्धा थांबावी आणि विशेषतः कमी साधनांच्या, भारतीय भाषांतल्या पेपरांना अभिव्यक्तीची पुरेशी संधी मिळावी. चार वर्षांनी, १९६० मध्ये, प्रत्यक्ष आदेश निघाला. पानांवर मर्यादा, आणि पुरवण्यांवरही सरकारचे नियंत्रण.

आता गंमत बघा. भारतीय भाषांतल्या छोट्या पेपरांसाठी केलेल्या या कायद्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? एक मराठी पेपर. पुण्याचे 'सकाळ'. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेले. त्या वेळी त्याचा आठवड्यातल्या दिवसांचा खप सुमारे बावन्न हजार होता. आठवड्याचे पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत ३४ पाने, आणि रोजची किंमत सात नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे सात पैशांत फक्त २४ पाने देता येणार होती. चौतीसच द्यायची तर किंमत आठ पैसे करायला हवी. एक पैसा! आज आपण हसू. पण तेव्हा त्या एका पैशाने किती घरांतून पेपर बंद झाला असता याचा हिशेब पुण्यात होता. 'सकाळ'सोबत त्याचे वाचकही याचिका घेऊन गेले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. आणि निकाल कुणी लिहिला? न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांनी. आपल्याच अमरावतीचे. १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले रावबहादूर मुधोळकर, त्यांचे हे चिरंजीव. सरकारचे म्हणणे होते की हा पेपराच्या धंद्याच्या बाजूचा नियम आहे, मताच्या बाजूचा नाही. आणि धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधन घालता येते. मुधोळकरांचे उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. बोलण्याच्या स्वातंत्र्यात किती लोकांपर्यंत पोचायचे हेही येते. पाने कमी करा म्हटले की मजकूर कमी होतो, किंमत वाढवा म्हटले की वाचक कमी होतात. दोन्ही बाजूंनी घाव बोलण्यावरच बसतो. आणि बोलण्यावर बंधन घालायची कारणे संविधानाने मोजून दिली आहेत, त्यात 'सर्वसाधारण सार्वजनिक हित' हे कारण नाही. एकाचा आवाज मोठा व्हावा म्हणून दुसऱ्याचा आवाज कापता येणार नाही.

मला विचाराल तर निकाल बरोबर होता. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या छोट्या पेपरांना वाचवायला कायदा आला होता, त्यांचे काय झाले? मोकळीक सगळ्यांना सारखी मिळाली, पण ती वापरायला भांडवल लागते. पानांची बादली मोठी होत गेली. चार पानी साप्ताहिकाला बावीस पानांच्या दैनिकासमोर उभे राहायचे होते. पुढे पाने पुरेनात, म्हणून खरी बादली आली. मुधोळकरांच्या निकालात बादलीचा शब्दही नाही, तरी पाने आणि किंमत यांची सांगड सुटल्यावर पेपरासोबत काय द्यायचे याची मुभा बाजाराच्या हाती गेली ती तेव्हाच.

मग बाजाराचे नियम आले, आणि ते वर्तमानपत्रांसाठी केलेलेच नव्हते. ते सगळ्या मालासाठी होते. १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात सुरुवातीपासून एक तरतूद होती: एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणे ही निर्बंधकारी व्यापारपद्धत. रॉकेलच्या दुकानात साबण घेतल्याशिवाय रॉकेल नाही, हे ज्यांनी अनुभवले त्यांना हा नियम समजावून सांगायला नको. हीच तरतूद पुढे २००२ च्या स्पर्धा कायद्यात आली. पण सक्ती वेगळी आणि लालूच वेगळी. माझ्यावर बादलीची सक्ती कुणी केली नव्हती.

लालचीवरचा नियम १९८४ मध्ये आला. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर मक्तेदारी कायद्यात 'अनुचित व्यापारप्रथा' हे नवे प्रकरण घातले गेले. त्यात एक वाक्य आहे, आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला ते फार आवडते. भेटवस्तू देण्याचे जाहीर करून ती द्यायचीच नाही, हा गुन्हा उघड आहे. पण त्यापुढे कायदा म्हणतो: व्यवहाराच्या एकूण किमतीतच जिचे पैसे पूर्ण किंवा काही अंशी वसूल झाले आहेत, ती वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. 'आभास' या शब्दासाठी आमच्याकडे शतकानुशतके वाद झाले, दोरीवर साप दिसतो तो काय असतो इथपासून. कायद्याने एका ओळीत निकाल लावला: फुकट दिसते ते फुकट असलेच पाहिजे.

ही तरतूद पुढे ग्राहक संरक्षण कायद्यात आली. २००२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली: बक्षीस योजनेचा शेवटचा निकाल लोकांपासून दडवणेही अनुचित. आणि निकाल कळवला असे केव्हा मानायचे? ज्या वर्तमानपत्रांत योजनेची जाहिरात आली होती, त्याच वर्तमानपत्रांत तो वाजवी वेळात ठळकपणे छापला तर. म्हणजे योजना कुणाचीही असो, साक्षीदार पेपर. आता योजना पेपराचीच असेल तर साक्षीदार आणि यजमान एकच झाला की नाही? २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांनी तर स्पष्टच सांगितले: गठ्ठ्याच्या किमतीत जी वस्तू धरलेली आहे, तिला फुकट म्हणू नका. माझी बादली आज आली असती तर तिच्या चित्राबद्दल आणि 'मोफत' या शब्दाबद्दल मला तक्रार करता आली असती. तेव्हाही कायदा होताच. पण एवढ्याशा बादलीसाठी कोण जातो? योजना काढणाऱ्यांनाही हे माहीत असते.

आता करखात्याकडे येऊ. आपल्या संविधानात एक सुंदर जागा होती, ती २०१६ पर्यंत होती. राज्यांना मालाच्या विक्रीवर कर बसवायचा अधिकार, पण 'वर्तमानपत्रे वगळून'. वर्तमानपत्रांच्या विक्रीवरचा आणि त्यांतल्या जाहिरातींवरचा कर हा विषय वेगळा काढून केंद्राच्या यादीत ठेवला होता. म्हणजे वर्तमानपत्र हा माल आहे हे संविधानाने नाकारले नाही, पण त्याला इतर मालाच्या रांगेत उभे केले नाही. एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने वस्तू आणि सेवा कर आला आणि या दोन्ही नोंदी गेल्या. आता वर्तमानपत्र त्याच रांगेत आहे, फक्त त्याच्यावरचा दर शून्य आहे.

पण शून्याशेजारी दुसरी वस्तू ठेवली की काय होते? २०१७ च्या कायद्यात दोन शब्द आहेत. 'संमिश्र पुरवठा' म्हणजे स्वभावतःच जोडीने येणाऱ्या वस्तू, त्यांच्यात एक मुख्य असते आणि सगळ्याला मुख्य वस्तूचा दर लागतो. 'मिश्र पुरवठा' म्हणजे स्वभावतः संबंध नसलेल्या वस्तू एका किमतीत एकत्र विकणे. तिथे ज्या वस्तूचा दर सर्वांत जास्त, तोच सगळ्याला. आठवते ना अंग आणि अंगी? पेपर आणि त्याची पुरवणी: मुख्य पेपर, अंग पुरवणी. पण पेपर आणि शांपूची पुडी एका किमतीत विकली, तर त्या एका किमतीपुरता पेपर शांपूच्या दराला जातो. करखात्याने मीमांसा वाचली असेल असे मला वाटत नाही, पण प्रश्न तोच गाठला आहे. मात्र पुडी खरोखर फुकट असेल, तिची किंमतच घेतली नसेल, तर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ती पुरवठाच नाही. मग त्या पुडीवर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तिथेही पुन्हा तोच शब्द: खरोखर फुकट आहे का?

एक नियम राहिला, आणि तो कायदा नाही. १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात कंपन्यांनी मिळून काढलेली. दर सहा महिन्यांनी ती सभासद पेपरांचा खप तपासते. फुकट वाटलेले अंक तिथे खप म्हणून धरत नाहीत. ठरलेल्या नियमांत बसणारी विक्रीच धरतात. एवढी काळजी का? कारण जाहिरातीचा दर खपावर ठरतो, आणि सरकारी जाहिरातींच्या दरातही खपाचा हिशेब असतो. आपण पेपराला देतो ते काही रुपये छपाईलाही पुरत नाहीत. बाकीचे जाहिरातदार देतो, आणि तो पैसा आपल्या डोळ्यांसाठी देतो. म्हणजे पेपर आपल्याला विकला जातो आणि आपण जाहिरातदाराला. बादली या दुसऱ्या सौद्याचा खर्च आहे. पोस्टमास्तरला विचारायचे होते की सोबतचा कागद बातमी आहे का. इथे विचारायचे आहे की हा मोजलेला माणूस वाचक आहे का. कागदोपत्री दोन रुपये दिलेला माणूस वाचकच दिसतो, त्याने कात्री लावून रद्दीत टाकले तरी.

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो, आणि तो थोडा माझ्याविरुद्धही जातो.

आमच्या शेजारी एक कुटुंब होते. घरात पेपर येत नसे, खर्च परवडत नसे. बादलीच्या योजनेमुळे त्यांनी पहिल्यांदा पेपर लावला. कूपन कापायचे काम घरातल्या मुलीकडे होते. ती कापताना मागचे वाचायची, मग पुढचे वाचायची, मग संपादकीय पानही. योजना संपली, आईने पेपर बंद करायचे ठरवले, तेव्हा मुलगी म्हणाली, "बादली झाली, आता पेपर राहू दे." पेपर राहिला. पुढे ती स्पर्धा परीक्षा दिली, नोकरीला लागली. आता सांगा, तिच्यासाठी अंग कोणते होते आणि अंगी कोणते? सुरुवातीला बादली अंगी होती. मध्येच कधीतरी, कुणाच्याही नकळत, पेपर अंगी झाला.

म्हणून मी जोडविक्रीला सरसकट नावे ठेवत नाही. पंगतीला आलेला माणूस लग्नघरचा सोयराही होऊ शकतो. पण त्याच गल्लीत पाच घरे अशी होती जिथे तक्ता भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर बंद झाला. त्या पाच घरांची नोंद खपात झाली, त्या आकड्यावर जाहिरातीचे दर ठरले, त्या दरांवर पुढची योजना निघाली. आणि त्याच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातले छोटे साप्ताहिक काय करत होते? बाजार समितीचे भाव, तालुक्याच्या पंचायत समितीची सभा, मोर्णेच्या पुराने पडलेली घरे, या बातम्या देणारा तो चार पानी पेपर बादली कुठून आणणार? 'वऱ्हाड समाचार'पासून ब्रिजलाल बियाणींच्या 'मातृभूमी'पर्यंत आणि पुढे आजच्या 'देशोन्नती'पर्यंत अकोल्याने पेपर काढले. इथला वाचक इथल्या बातमीसाठी पेपर घेत होता. ज्या दिवशी वस्तू मुख्य झाली त्या दिवशी तालुक्याची बातमी मोजण्यातूनच गेली, कारण तालुक्याच्या बातमीसाठी कोण पेपर घेतो हे मोजायची रीतच राहिली नाही.

मग नियम कसा हवा? पेपरासोबत काय द्यावे हे सरकारने ठरवू नये, यावर मी मुधोळकरांच्या बाजूचा आहे. तो दरवाजा एकदा उघडला की उद्या कुणीतरी पानेही मोजायला येईल. 'फुकट' या शब्दाबद्दलचा कायदा पुरेसा आहे, तो राबवला पाहिजे, लहान रकमेसाठीही. पण मोजणीबद्दल माझे एक म्हणणे आहे. योजनेच्या काळात वाढलेला खप वेगळा दाखवावा, आणि योजना संपल्यानंतरचा महिना त्याच्याशेजारी मांडावा. ज्या घरांत दुसऱ्या महिन्यातही पेपर येत राहिला, तेच वाचक. पोस्टाच्या कायद्याने १८९८ मध्ये 'खऱ्या वर्गणीदारांची यादी' मागितली होती, तिचा आजचा अर्थ हाच आहे असे मला वाटते.

ही नोंद कुणाकडे नाही असे नाही. पेपर टाकणाऱ्या भाऊंच्या वहीत ती होती. कुठले घर कधी सुरू झाले, कधी बंद झाले, कुणी पावसाळ्यात थांबवले, कुणी मुलाची परीक्षा संपल्यावर. त्याने मला वही दाखवायची तयारी दाखवली होती. मी तेव्हा बादलीच्या रागात होतो, पाहिली नाही. आता तो हयात नाही. परवा मी त्याच्या मुलाला विचारले, बाबांच्या वह्या आहेत का? तो म्हणाला, रद्दीत दिल्या.

बादली मात्र आहे. तुळशीला पाणी घालायला तिचे माप बरोबर बसते. तिच्यावरचे पेपराचे नाव पुसट झाले आहे, पण वाचता येते.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. समोरच्या रांगेत ती शेजारची मुलगी बसली आहे, आता तिची स्वतःची मुलगी सोबत आहे. पहिला प्रश्न तिने विचारावा, असे मला वाटते.